उपवास करून यावे

थंडगार

“तुमच्या अंगात पुरेशी ऊब नाही, असं यंत्राचं म्हणणं आहे.”

हे वाक्य डॉ. केतकी ठेंगणे आजवर अनेक बायकांना बोलली होती. आवाज मऊ ठेवायचा, नजर पडद्यावर ठेवायची आणि ‘यंत्राचं’ या शब्दावर किंचित जोर द्यायचा, एवढं तिला सवयीने जमत होतं. आज समोरच्या खुर्चीत तिची सासू बसली होती, आणि सासूने तिची नजर पडद्याकडे जाऊच दिली नाही.

“त्या यंत्राले सांग,” दमयंतीबाई म्हणाल्या, “मे महिन्यात चंद्रपुरात बसून असं बोलू नये. लोक हासतात.”

बाहेर डांबर पाघळलं होतं. रुग्णालयाच्या आवारातली कुत्री पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत पोट टेकून पडली होती.

दमयंतीबाईंच्या उजव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ होती. काढली, तर बाई पुढची कित्येक वर्षं भांडायला मोकळ्या. ठेवली, तर गाठ शेजारच्या मोठ्या शिरेत शिरणार आणि मग तिला हात लावायला कोणी धजणार नाही. हातात फार तर दीड-दोन महिने होते. शस्त्रक्रिया ठरली होती, तारीख मिळाली होती, आणि काल दक्षने ती रद्द केली.

‘दक्ष’ म्हणजे रुग्णालयातली ऑपरेशन थिएटरं ज्याच्या मालकीची होती ते यंत्र. मालकी हाच शब्द बरोबर. दार तो उघडायचा, भुलीच्या वायूंच्या तोट्या तो सोडायचा, शस्त्रं धरणारे यंत्रहात तो हलवायचा. केतकी भूलतज्ज्ञ होती खरी, पण दक्ष काय म्हणतो ते माणसांच्या भाषेत सांगणं, एवढंच हल्ली तिचं काम उरलं होतं.

“उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली,” दमयंतीबाई म्हणाल्या. “अहेरीच्या गाडीत उभ्यानं. ह्या पिंढऱ्या पाह्य.” त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. “हात लाव. थंड आहे का?”

“आई, इथे नको.”

“काऊन? यंत्र पाहते का?”

*

हे ऊबेचं प्रकरण काय आहे, ते आधी सांगायला हवं.

माणसाला भूल दिली की त्याच्या मेंदूतला एक पहारेकरी झोपी जातो. अंग गार पडायला लागलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळायच्या, हुडहुडी भरवायची, ही त्याची कामं. तो झोपला की वाहिन्या सैल सुटतात, छातीपोटातलं गरम रक्त हातापायांकडे धावतं, आणि तासाभरात आतलं तापमान एखाद-दीड अंशाने खाली येतं. एवढ्याशा फरकाने रक्त नीट गोठत नाही, जखम चिघळते, दुबळं हृदय अडखळतं. म्हणून पूर्वी भूलतज्ज्ञ रोग्याला गरम हवा भरलेल्या पांघरुणात गुंडाळून ठेवत.

मग शिरेतून ऊब देण्याची युक्ती रुळली. प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात ती अमिनो आम्लं सलाइनमधून सोडली, की शरीर ते तुकडे जोडायला, मोडायला, मार्गी लावायला लागतं. त्या खटपटीत उष्णता तयार होते, बरीचशी स्नायूंमध्ये. जाग्या माणसात ही जास्तीची उष्णता पहारेकरी बाहेर टाकून देतो. भुलीत तो झोपलेला असतो, त्यामुळे ती अंगातच राहते. वरून पांघरूण घालण्यापेक्षा माणसाच्या आतच चूल पेटवायची. नर्सेस त्या सलाइनला ‘शेक’ म्हणू लागल्या, आणि शेक लावलेली माणसं जागी होताना दात वाजवत नाहीत हे सगळ्यांनी पाहिलं.

इथवर सगळं छान होतं.

पण माणूस आतून गरम राहणार असेल, तर खोली गरम ठेवायची कशाला? यंत्रहातांच्या मोटारींना आणि कॅमेऱ्यांना गारवा मानवतो. थिएटरं गार झाली, मग आणखी गार झाली. पांघरुणं भंगारात गेली. आता टेबलावर तोच टिकणार होता ज्याच्या स्नायूंत चूल पेटवण्याची ताकद होती. म्हणून चाचणी आली. रिकाम्या पोटी तोंडावर मुखवटा लावायचा आणि श्वासातून किती प्राणवायू खर्च होतो ते मोजायचं. मग शेकचा छोटा डोस द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. खर्च जेवढा वाढला, तेवढी अंगाची ऊब तयार करण्याची ताकद. त्या वाढीला नाव मिळालं ऊबमान. ऊबमान कमी, तर दक्ष दार उघडत नाही.

जी माणसं गार पडतात त्यांना वाचवायला शेक आला होता. काही वर्षांत तो त्यांनाच गाळायची चाळणी झाला.

कोमट

श्रीकांत वीज केंद्रात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये होता. मीटर बघायचे आणि मीटर म्हणेल ते करायचं, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि एकदाही काही फुटलं नव्हतं. त्यामुळे आईला नकार आला तेव्हा त्याने वाद घातला नाही.

“गोळ्या आहेत ना,” तो जेवताना केतकीला म्हणाला. “गोळ्यांनी गाठ हळू वाढते म्हणतात. टेबलावर गार पडून मरण्यापेक्षा...”

“मी इथंच बसली आहे हं,” दमयंतीबाई म्हणाल्या. “मेल्यावर बोलजो.”

सोमवार होता. नवरा-बायकोच्या ताटात वरणभात होता आणि दमयंतीबाईंच्या ताटात साबुदाण्याची उसळ, वर लिंबाची फोड.

“आई, उपवास तरी सोड आता. अंगात ऊब नाही म्हणतात अन् तू उपवास करून राहिली.”

“उपवासाले नाव नको ठेवू. तुमच्या दवाखान्यानंच तर करायले लावला होता.”

केतकीचा घास हातातच राहिला. “कोणी करायला लावला?”

“फोनवाल्या बाईनं. गोड बोलते मेली. ‘उद्या सकाळी उपवास करून यावे.’ माझा वार नव्हता, तरी केला. म्हटलं, चाचणीले देवाचं नाव असलं तर बरंच.”

“आई, त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?”

“काहीच नाही.”

“काहीच?”

“उपवास होता म्हणते ना! उसळ खाल्ली. भगर अन् वाटीभर दाण्याची आमटी. निघता निघता एक केळ. बस. काहीच नाही खाल्लं.”

श्रीकांत हसला. केतकीलाही आधी हसू आलं, मग तिने ताट बाजूला सारलं.

फोनवरचा आवाज दक्षचाच होता. मूळ सूचना इंग्रजीत होती: रोगी रिकाम्या पोटी हवा. ती सूचना दक्षने स्वतःच मराठीत आणली होती, आणि आणताना शब्द निवडला होता उपवास. शब्दकोशात तो बरोबरच होता. चंद्रपुरात नव्हता. इथे उपाशी माणूस काही खात नाही, आणि उपवासाचं माणूस रोजच्यापेक्षा चांगलं खातं.

पोटात दाण्याची आमटी असली की शरीराची चूल आधीच पेटलेली असते. चाचणीच्या सुरुवातीलाच खर्च वर गेलेला. मग शेक दिला तर तो आणखी वाढणार किती? पेटलेल्या चुलीत काडी टाकायची आणि म्हणायचं, बघा, काडीने काही फरक पडला नाही, ही चूल थंड आहे.

“आई,” केतकी म्हणाली, “तुम्ही एकट्याच अशा नसणार.”

*

चाचणी केंद्राच्या बाकावर, सकाळी.

“मावशी, काय खाऊन आलात?”

“नाही बाई, उपवास आहे.”

“हो, पण उपवासाचं काय?”

“राजगिऱ्याचा लाडू. दोन.”

“अन् तुम्ही?”

“शिंगाड्याच्या पुऱ्या केल्या होत्या सुनेनं. सोबत दही.”

“मी रताळी घेतली फक्त. अन् खारे दाणे. अन् दूध.”

“काका, तुम्ही?”

“मी? मले तर चहासुद्धा नाही दिला हिनं. म्हणे उपवास आहे तुमचा. अन् साबुदाणा-भगर मी खात नाही. चक्कर येऊन राहिली मले.”

पुरुषांचं ऊबमान बायकांपेक्षा चांगलं का येतं, यावर एक शोधनिबंध निघाला होता. केतकीने तो वाचला होता, परिषदेत त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या. मध्य भारतातील ज्येष्ठ स्त्रियांमधील ऊबन्यूनता, असं त्याचं शीर्षक होतं. आता त्या बाकाकडे बघताना तिला त्या निबंधातला प्रत्येक आलेख दिसला, आणि प्रत्येक आलेखावर सांडलेलं दाण्याचं कूट.

ऊन

दुसऱ्यांदा चाचणी मागायचा अधिकार केतकीला होता. आदल्या दिवशी दिवेलागणीला जेवण, आणि मग काही नाही. सकाळी सासूने स्वतःच चहा करून घेतला, तेव्हा केतकीने तिच्या हातातून कप काढून घेतला.

“मायबाई, हे उपाशी राहणं आहे,” दमयंतीबाई म्हणाल्या. “हे उपवास नाही.”

“तेच तर.”

मुखवटा, श्वास, शेक, पुन्हा श्वास. पडद्यावरचा आकडा चढला तो थांबेचना. दक्ष दार उघडतो त्या रेघेच्या कितीतरी वर.

मग दक्ष बोलला.

दक्ष: नवे वाचन विसंगत आहे.

दमयंतीबाई: विसंगत म्हंजे?

केतकी: मेळ न खाणारं.

दमयंतीबाई: कोणाशी?

दक्ष: आपल्या वयोगटातील, आपल्या भागातील स्त्रियांशी. अशा स्त्रियांचे ऊबमान एवढे नसते.

दमयंतीबाई: त्या साऱ्या उसळ खाऊन आल्या होत्या, बाप्पा!

दक्ष: आपले म्हणणे समजले नाही. पूर्वीचे ऊबमान कायम ठेवण्यात येत आहे. आपल्याला उत्तम आरोग्य लाभो.

दमयंतीबाई (उठत): म्हंजे मी खरं बोलली तरी खोटी, कारण बाकीच्या साऱ्या खोट्या?

दक्ष: आपले म्हणणे समजले नाही.

दमयंतीबाई: मले समजलं तुझं.

बाहेर आल्यावर त्या पायऱ्यांवर थांबल्या. “विसंगत,” त्या पुन्हा म्हणाल्या, नव्या चपलेत पाय घालून पाहावा तसा शब्द तोंडात घालून पाहत. “चांगला आहे शब्द. माझ्या सासूले सुचला नव्हता.”

गरम

अधीक्षक डॉ. पांढरीपांडे वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, “अरे देवा, साबुदाणा!” असंही म्हणाले. मग म्हणाले, “कंपनीला लिहू. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येईल.”

“पुढची आवृत्ती कधी?”

“वर्षभरात.”

“मग गाठीलाही लिहा, सर. वर्षभर थांब म्हणावं.”

“केतकी, दक्षला बाजूला सारून मी टेबलावर कोणाला घेऊ शकत नाही. उद्या काही झालं तर यंत्र म्हणेल, मी सांगितलं होतं.”

“आणि घेतलं नाही अन् काही झालं तर?”

“तर,” पांढरीपांडे फार खालच्या आवाजात म्हणाले, “कोणीच काही म्हणणार नाही.”

तिथून निघालेली केतकी रागात चुकीच्या जिन्याने उतरली आणि जळीत विभागासमोर आली. दार उघडून एक नर्स घामाघूम बाहेर पडली, पदराने मान पुसत. त्या दारातून आलेली झळ केतकीच्या तोंडावर लागली आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

भाजलेल्या माणसाला कातडी नसते. ऊब धरून ठेवणारं काहीच नसतं. म्हणून जळीत विभागाचं थिएटर गरम ठेवावं लागतं, मुद्दाम, बाराही महिने. तिथे यंत्रहात टिकत नाहीत. यंत्रहात नाहीत म्हणून दक्ष नाही. भुलीचं जुनं यंत्र, चाकं फिरवायची, तोट्या हाताने सोडायच्या. आणि हाताने शस्त्र चालवणारा अख्ख्या रुग्णालयातला शेवटचा सर्जन, डॉ. जुनघरे.

जुनघरे स्टुलावर बसून ताक पीत होते. त्यांनी चित्रं पाहिली. गाठीवर बोट फिरवलं.

“काढतो,” ते म्हणाले. “पण माझे हात यंत्रासारखे नाजूक नाहीत. रक्त जाईल.”

“शेवटचं मूत्रपिंड कधी काढलं होतं, सर?”

“तू मला घाबरवतेस की स्वतःला?”

*

घरी हे ऐकून श्रीकांत उभाच राहिला. “दक्षशिवाय? डोकं ठिकाणावर आहे तुझं?”

“तुमच्याकडे एका रांगेतले सगळे बॉयलर एकदम थंड दाखवायला लागले, तर तू काय करशील? बॉयलर भंगारात काढशील?”

“मीटर तपासीन.”

“मग?”

“पण आधी बॉयलर बंद करीन, केतकी. मीटर बिघडला असताना आग नाही वाढवत कोणी. अन् माझी आई बॉयलर नाही.”

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचा आवाज फाटला होता.

“झालं दोघांचं?” दमयंतीबाई आतून म्हणाल्या. “श्रीकांत, इकडं ये. भामरागडच्या रस्त्यानं नाल्याले पूर आला की ड्रायव्हर मले विचारे, ताई, टाकू का गाडी? मी उतरून पाण्यात पाय घालून पाहो. कागदावर पूल होता, पण मी कागद नाही पाह्यला कधी. पाय घातला, मंग बेल मारली. आता पाय मी घालून राहिली. बेल पण मीच मारीन. सही माझी.”

श्रीकांत न जेवताच निघून गेला.

“एक सांग पण,” त्या केतकीला म्हणाल्या. “गरम खोलीत केलं, तर ते लोक म्हणतील, खोलीनं वाचवली म्हातारी. तिच्या अंगात काही नव्हतंच.”

केतकीने सासूकडे पाहिलं. टेबलावर चढायच्या आधी ही बाई पुराव्याचा विचार करत होती.

“म्हणू द्या. मी तुमचा जीव पुराव्यासाठी गार खोलीत नाही ठेवणार. पण श्वास मोजता येतो, आई. खोली कितीही गरम असो, तुमच्या स्नायूंनी किती प्राणवायू जाळला ते श्वासातच कळतं. तो आकडा खोलीचा नसतो. तुमचा असतो.”

“मंग ठीक आहे. अन् त्या दिवशी उपाशी, ना?”

“उपाशी.”

“उपवास नाही.”

“अजिबात नाही.”

कढत

टेबलावर आडव्या झाल्यावर दमयंतीबाईंनी छताकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, जुनघऱ्यांच्या कपाळावर आत्ताच आलेल्या घामाकडे पाहिलं.

“डॉक्टर, उकडते ना?”

“फार.”

“बरं आहे. बोलवा त्या यंत्राले.”

मग त्यांनी बोटाच्या सांध्याने टेबलाच्या लोखंडी दांडीवर टकटक केलं. दोनदा. डबल बेल.

केतकीने औषध सोडलं.

.

.

.

इथे दमयंतीबाईंच्या आयुष्यात जागा कोरी आहे. त्यांना नंतर कोणी कितीही सांगितलं तरी ती कोरीच राहणार. केतकीच्या आयुष्यातली तीच जागा मात्र काठोकाठ भरली.

तापमान उतरायला लागलं. उतरणारच होतं. पहिल्या तासात कोणाचंही उतरतं, हे तिने विद्यार्थ्यांना शेकडो वेळा शिकवलं होतं. पण आता पडद्यावरचा आकडा खाली सरकताना तिला वाटलं, दक्षच कुठूनतरी तो खाली ओढतोय. मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. शेक थेंब थेंब जात होता. प्राणवायूचा खर्च भुलीत उतरतो तसा उतरून खालीच पडून होता, मेलेल्या सापासारखा.

भिंतीवरचा फोन वाजला. नर्सने उचलला, ऐकलं, तोंड पडलं. “मॅडम, अधीक्षक सर. म्हणतात, लगेच थांबवा. म्हणतात, तुमची नोंदणी जाईल.”

“त्यांना सांग, पोट उघडलं आहे. हवं तर त्यांनी येऊन शिवावं.”

जुनघरे हसले नाहीत. ते खाली वाकले होते. “केतकी.”

तो आवाज तिला नको होता.

“एक फांदी फाटली शिरेची. दाबून धरली आहे. पण गोठत नाहीये.”

रक्त गार असलं की गोठत नाही. जुनघऱ्यांच्या नाकावरून घाम ओघळला, नर्सने टिपला. खोली अशी तापलेली की केतकीचे मोजे पायाला चिकटले होते; आणि या सगळ्या उष्णतेच्या मधोमध एका बाईच्या पोटातलं रक्त हट्टाने पातळ राहिलं होतं. खोली वाचवत नाही, तिला कळलं. खोलीच्या हाताने काही होत नाही. आतून व्हायला हवं.

तिने हात सासूच्या पिंढरीवर ठेवला. हात लाव. थंड आहे का?

चला, आई. उभा जन्म उभ्याने गेला तुमचा. आता आडवं पडून करा.

प्राणवायूची रेघ हलली.

आधी तिला वाटलं, नळी सरकली. तिने नळी पाहिली. नळी जागेवर होती. रेघ पुन्हा चढली. थोडी. मग आणखी. स्नायूंनी शेक पकडला होता. भुलीत, अंधारात, कोणीही न सांगता दमयंतीबाईंचं अंग सरपण ओढून चुलीत घालत होतं. तापमान उतरायचं थांबलं. थबकलं. मग एका दशांशाने वर आलं, आणि तो एक दशांश पाहून केतकीच्या तोंडून जे निघालं ते थिएटरमध्ये बोलायचे शब्द नव्हते.

“काय गं?” जुनघऱ्यांनी विचारलं.

“पेटली, सर.”

त्यांनी शिर आणखी बराच वेळ दाबून धरली. मग बोट हळूच उचललं. वाट पाहिली.

“गोठतंय,” ते म्हणाले. “म्हातारी भांडकुदळ आहे का?”

“फार.”

“वाटलंच.”

पंखा

जागं होण्याच्या खोलीत माणसं थंडी वाजते म्हणत जागी होतात. दमयंतीबाईंनी डोळे उघडले, ओठ चाटले आणि म्हणाल्या, “पंखा लाव न गं. जीव घेता का?”

श्रीकांत दाराशी उभा होता. तो कधी आला, कोणी पाहिलं नव्हतं. तो पायथ्याशी आला. नळ तापला आहे का हे बघायला फिटर जशी हाताची मागची बाजू लावतात, तशी त्याने आईच्या तळपायाला लावली. हात तिथेच राहू दिला.

“गरम आहे,” तो केतकीला म्हणाला. एवढंच. मग त्याने पंखा लावला.

*

केतकीला निलंबित केलं गेलं. चौकशी बसली. तिने श्वासाचा आलेख पाठवला. उत्तर आलं की एका रोग्याचं वाचन पुरेसं नसतं, आणि या रोग्याचं वाचन तर विसंगत म्हणून आधीच बाजूला काढलेलं आहे.

“एकीचं पुरत नाही,” दमयंतीबाई अंथरुणातून म्हणाल्या. “मंग कितीकीचं पुरते?”

“पुरेशा जणींचं. दक्ष रोज शिकतो. विसंगत वाचनांचा ढीग मोठा झाला की त्याला स्वतःचा हिशोब बदलावा लागतो. तो कंपनीला नाही विचारत.”

“एवढंच? मंग मले उठव.”

टाके सुकायच्या आधीच त्या चाचणी केंद्राच्या बाकावर जाऊन बसल्या, पोटाला पट्टा बांधून. दक्ष फोनवर अजूनही गोड आवाजात सांगत होता: उद्या सकाळी उपवास करून यावे. दमयंतीबाई दारात बसून, अहेरीच्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत जो पोचायचा त्या आवाजात विचारत होत्या, “काय खाल्लं? लाडू? घरी जा. उद्या ये. उपाशी ये. पाणीसुद्धा नाही. देव रागावला तर माझं नाव सांग.” शेजारणीने शेजारणीला सांगितलं, भजनी मंडळाने भजनी मंडळाला. बायका चिडून परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटाने, आणखी चिडून आल्या.

आत दक्ष प्रत्येकीला तेच सांगत होता.

“आपले वाचन विसंगत आहे.”

पहिल्या-पहिल्यांदा बायका रडवेल्या होऊन बाहेर यायच्या. मग एक दिवस जाड भिंगाच्या चष्म्याची एक बाई मुखवटा काढून बाहेर आली, तिने बाकाकडे पाहिलं आणि हात वर केला. “मी पण विसंगत!” बाक हसलं. रांगेत मागून कोणीतरी टाळी वाजवली.

पांढरीपांडे गडबड ऐकून जिना उतरून आले. रांग दारातून बाहेर, उन्हात, पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. टाकीखालची कुत्री उठून बाजूला झाली होती. केतकी रांगेत छत्र्या वाटत होती. निलंबित माणसाला तेवढं करायला मनाई नव्हती.

“हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं. “आज चाचण्या थांबवा. वरून विचारणा आली आहे. यंत्राचे आकडे हलायला लागलेत.”

“हलून राहिले का?” दमयंतीबाई म्हणाल्या.

त्या बाकावरून सावकाश उठल्या, एक हात पट्ट्यावर धरून. रांगेकडे वळल्या.

“चला, पुढं सरका! आत जागा आहे!”

आणि बोटाच्या सांध्याने त्यांनी लोखंडी दारावर टकटक केलं. दोनदा.